मधलं माणूस

३ मार्च

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. आपण दोघीही शाळेत मदर टाचणीच्या हाताखालून गेलो, त्यामुळे आपलं अक्षर एकाच बाजूला कलतं. ते लपवणं मला या जन्मी जमायचं नाही. तेव्हा फोडलंच आहेस तर वाच.

माफी मागायला लिहीत नाही. काय चुकलं तेच ठाऊक नसताना माफी मागणं म्हणजे न जेवता हात धुण्यासारखं आहे. बाबा गेले त्या आठवड्यात तू पाहुण्यांमधून उठून आत गेलीस आणि त्यानंतर माझा फोन कधी घेतला नाहीस. त्या वेळी मी एवढंच सांगत होते, की बाबांनी मला नोकरीला कसं हसत हसत पाठवलं. यात रागवण्यासारखं काय होतं ते तुझं तुला माहीत. ते राहू दे. मला एक सल्ला हवा आहे आणि तो तुझ्याशिवाय कोणाकडे मिळणार नाही.

विमानतळावरच्या घोषणा करायच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून माझा आवाज बेकार आहे. इतकी वर्षं लोकांना कुठल्या दाराने जायचं ते सांगितलं, आता भाजीवाली सुद्धा माझं ऐकत नाही. म्हणून गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर शनिवारी जायला लागले. वस्तीतली मोठी मुलं तिथे येतात. शाळा संपत आलेली, पुढे काय ते ठरायचं असतं. एकेका मुलाला एकेक मोठं माणूस जोडून देतात. कागदोपत्री आम्ही ‘मार्गदर्शक’. हे सगळं चालवणारे निवृत्त खेळाचे मास्तर आहेत, गळ्यात अजून शिट्टी असते, त्यांना सगळे शिट्टीसर म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, की मार्ग वगैरे कोणाला दाखवायचा नाही, सोबत चालायचं. आणि मुलाच्या पाठीमागे त्याच्या घरच्यांशी बोलायचं नाही. जे बोलायचं ते त्याच्या समोर.

मला मिळाली ती फूटपट्टी. उंच, सरळ, वाकणं माहीत नाही. सुताराची मुलगी. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमची खुर्ची टेबलाच्या मानाने बुटकी आहे.” मी म्हटलं, बाई गं, खुर्ची नाही, मीच बुटकी आहे. तेव्हापासून आमचं जमलं.

तिच्या आईवडिलांना दोघांनाही ऐकू येत नाही, जन्मापासून. घरात हातांनी बोलतात. ती चालायला लागली तेव्हापासून दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांशी तीच बोलते, डॉक्टरशी, घरमालकाशी, विजेच्या माणसाशी. आता तिला मोजणीचं शिकायचं आहे. जमीन मोजायची, तिपाईवर दुर्बीण लावून. ती म्हणते, त्या कामात दोन माणसं शेताच्या दोन टोकांना उभी असतात आणि हातवारे करून बोलतात, म्हणजे तिचा निम्मा अभ्यास घरीच झालाय. प्रवेश मिळाला आहे. दोन वर्षं लांबच्या शहरात, वसतिगृहात राहून. वय अजून पूर्ण नाही म्हणून वडिलांची सही हवी, एप्रिल संपायच्या आत. आणि सही म्हटलं की ती विषय बदलते.

तर माझा प्रश्न असा. मी घर सोडून गेले, तू राहिलीस. बाबांचं सगळं तू केलंस. मागे राहणाऱ्याला नक्की काय लागतं? काय करून ठेवलं असतं तर तुला सोपं गेलं असतं? तेवढं सांग. बाकी बोलू नकोस हवं तर.

तुझी
ताई

२४ मार्च

धाकटे,

उत्तर नाही. चालेल. मी आयुष्यभर उत्तर न येणाऱ्या भोंग्यात बोलले आहे, मला सवय आहे.

मी सुताराकडे जाऊन आले. अर्थात फूटपट्टीबरोबर. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा आणि त्यावर भुशाचा थर. जमीन फळ्यांची आहे. सुताराला बायकोला हाक मारायची असली की तो पाय आपटतो, फळी हादरते, ती आतून येते. मला हे फार आवडलं. आपल्या बाबांनी पाय आपटला असता तर आपण दुसऱ्या दाराने पळालो असतो.

तुला आठवतं का गं, बाबांशी सरळ बोलायची आपल्या घरात पद्धतच नव्हती. आई सुद्धा तुझ्या मार्फत बोलायची. “जा, त्यांना विचार जेवायला वाढू का.” तू शेंडेफळ, तुझ्यावर ते ओरडत नसत. माझे नवे बूट, माझी सहल, सगळं तू आत जाऊन विचारून आणायचीस. मला विमानतळाची नोकरी लागली तेव्हाही तूच गेलीस. मी जिन्यात बसून नखं खात होते. तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, “हो म्हणाले.” मी तुला उचलून इतकं गरगर फिरवलं की तुझी रिबीन जिन्यावरून खाली पडली.

असो. सुताराकडचं सांगते. फूटपट्टी वडिलांच्या वतीने बोलते तेव्हा ‘ते म्हणतात’ असं म्हणत नाही. सरळ ‘मी’ म्हणते. फोनवर तर आवाजही जाड करते. “मी सुतार बोलतोय. पलंग शुक्रवारी मिळेल. नाही, गुरुवारी नाही, पॉलिश वाळायला नको का?” गिऱ्हाइकांना सवय झाली आहे. मी हसले तर मला म्हणाली, यात हसण्यासारखं काय, मध्ये मी नसतेच, मी फक्त तोंड आहे.

मग मी सुताराला विचारलं, मुलीला शिकायला पाठवाल का? तिने हातांनी बरंच काही सांगितलं. त्याने रंधा खाली ठेवला, बायकोकडे बघितलं आणि थोडक्यात उत्तर दिलं. फूटपट्टी म्हणाली, “मी कसा पाठवू? गिऱ्हाईक आलं तर बोलणार कोण? बायकोला दर महिन्याला दवाखान्यात न्यायचं असतं, तिथे कोण बोलणार? माझं वय झालं आता. नको.”

मी मान डोलावली आणि बाहेर पडले. पण मी काही गप्प बसणारी नाही. मी शनिवारच्या मंडळींमधून माणसं जमवते आहे. दुकानात आळीपाळीने कोणी तरी बसेल, दवाखान्याला मी स्वतः जाईन. खुणांची भाषा शिकायला लागले आहे. फूटपट्टीच शिकवते. माझे हात बघून म्हणते, “ताई, तुम्ही खुणा ओरडून करता.” आता शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचला पाहिजे हे मदर टाचणीने अंगात मुरवलं आहे, ते हातांतही उतरायचंच.

बाकी तुझी तब्येत कशी आहे? हा प्रश्न मी कोणाच्या मार्फत विचारलेला नाही.

तुझी
ताई

९ एप्रिल

धाकटे,

तुझं कार्ड आलं. मी ते फाटकातच उभी राहून वाचलं. शेजारीण विचारत होती काही वाईट बातमी आहे का. मी म्हटलं, जुनी आहे, आज पोचली.

तू लिहिलं आहेस, “बाबा हो म्हणालेच नव्हते. ‘तिला सांग जायचं नाही, आणि मला पुन्हा विचारू नका’ असं म्हणाले होते. ‘हो’ मी म्हणाले. तू गेल्यावर ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. आणि तू पाहुण्यांपुढे सांगत होतीस ते हसत होते म्हणून.”

खरं सांगू, आधी मला राग आला. इतकी वर्षं मी माझ्या मनात बाबांचा एक हसरा चेहरा जपला होता, तो तू एका कार्डात काढून घेतलास. मग दुपारभर कपडे आवरत बसले आणि हळूहळू दुसरंच दिसायला लागलं. तो हसरा चेहरा मी कधी बघितलाच नव्हता. मी जिन्यात होते. मी बघितला होता तुझा चेहरा. तू बाहेर आलीस आणि हसलीस. तोच मी बाबांना लावून टाकला.

रिबीन लावणारी पोर होतीस गं तू. एवढी हिंमत तुला कुठून आली? मला जायला मिळावं म्हणून स्वतःच्या वाट्याला एक अख्खं मुकं वर्ष घेतलंस आणि मला पत्रातून लिहीत राहिलीस की सगळं छान आहे, मांजरीला पिल्लं झाली आहेत. मी तुझे आभार मानणार नाही. आभाराने हे फिटायचं नाही, आणि तुलाही ते आवडणार नाही. माझ्या सगळ्या आयुष्याच्या दाराशी तू उभी होतीस एवढं मला आता माहीत आहे, आणि ते मी कोणालाही सांगेन. पाहुण्यांना सुद्धा.

आणि एक. तुझ्या कार्डाने माझा दुसराच डोळा उघडला. मधलं माणूस म्हणजे पन्हाळ नव्हे, की वरून पडलं तेच खाली आलं. मधल्या माणसालाही काही तरी हवं असतं.

मी त्या दिवशीचं सुताराचं दुकान पुन्हा आठवून बघितलं. सुताराने किती थोडे हात हलवले होते. त्यातून फूटपट्टीने एवढं मोठं उत्तर काढलं. गिऱ्हाईक, दवाखाना, वय झालं. तेव्हा मला खुणा येत नव्हत्या. आता थोड्या येतात. मला आठवतं तसं त्याने एक बोट तिच्याकडे केलं होतं आणि मग तळवे उघडे केले होते. याचा अर्थ मी शनिवारी शिकले. ‘तू सांग’, किंवा ‘तुझी मर्जी’.

मी शिट्टीसरांकडे गेले. म्हटलं, मला मुलीच्या पाठीमागे तिच्या घरी जायचं आहे. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम. मग जरा वेळ शिट्टीशी चाळा करत बसले आणि म्हणाले, “आता तुमची खुर्ची मोडली आणि तुम्ही सुताराकडे गेलात, तर त्याला मी काय करणार? पण आल्यावर मुलीला सांगायचं. त्याच आठवड्यात.”

माझी एकही खुर्ची मोडलेली नाही. बघते काय करता येतं.

तुझी
ताई

१४ एप्रिल

धाकटे,

स्वयंपाकघरातली खुर्ची उलटी करून पान्याने तिच्या एका पायाचा स्क्रू ढिला केला. दोन नखं तुटली. खुर्ची रिक्षात घालून, फूटपट्टी शाळेत असताना सुताराच्या दुकानात हजर झाले. त्याने पाय हलवून बघितला, स्क्रूकडे बघितलं, माझ्या नखांकडे बघितलं आणि इतक्या मोठ्याने हसला की मी दचकले. त्याला स्वतःला ऐकू येत नाही ना, त्यामुळे त्याच्या हसण्याला वरची मर्यादा नाही. मग त्याने पाय आपटून बायकोला बोलावलं. तिलाही स्क्रू दाखवला. म्हणजे मी बोलायच्या आधीच अर्धं बोलून झालं होतं.

मी माझ्या ओरडणाऱ्या हातांनी विचारलं. मुलगी, लांब, शिकणं, तुम्ही नको म्हणालात, का?

मग सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि समोर तासायला घेतलेल्या फळीवर लिहिलं: “आम्ही नाही. ती म्हणाली तिला जायचं नाही. तुम्ही मागे लागला आहात.”

मी मटकन बसले, त्याच मोडक्या खुर्चीवर. बायकोने मला सावरलं. धाकटे, त्या पोरीने त्या दिवशी दोन्हीकडे वेगवेगळं सांगितलं होतं. त्यांना सांगितलं की या बाई मला हाकलायला निघाल्या आहेत, मला जायचं नाही, काय सांगू? तो म्हणाला, तुझी मर्जी. आणि मला सांगितलं की नको म्हणतात.

मी विचारलं, गिऱ्हाइकांशी कोण बोलेल? यावर बायको पुढे आली. ती नवऱ्यापेक्षा भराभर लिहिते. “हिच्या जन्माआधी कोण बोलत होतं? भिंत?” मग पुढे लिहिलं, की ती लहान असताना दार वाजलं की दुडुदुडु धावायची, दारावर दिवा आहे, कोणी आलं की लागतो, तो लागायच्या आत. पुढे उभी राहून बोलायची. एवढी खूश असायची, की आम्ही मागे झालो. मोठी झाल्यावर वाटलं, आता काम काढून घेतलं तर रुसेल. म्हणून करू दिलं.

सुताराने पेन्सिल घेतली आणि तिच्याखाली एवढंच लिहिलं: “तिला वाटतं आम्ही तिच्याशिवाय मुके.”

मी ते दोनदा वाचलं आणि खुर्चीवरून उठून ती त्याच्यापुढे केली.

त्याने नवा स्क्रू घालून खुर्चीचा पाय घट्ट केला, पैसे घेतले नाहीत. जाताना मला माझ्या नावाची खूण दिली. त्यांच्यात तशी पद्धत आहे, नाव देतात ते हातांचं. माझी खूण म्हणजे गळ्यातल्या साखळीला लटकणारा चष्मा. मी दाराशी पोचले आणि मागे वळून बघितलं, तर तो त्या फळीवर रंधा मारत होता. मुलगी शाळेतून यायच्या आत आमचं सगळं बोलणं पातळ वेटोळी होऊन जमिनीवर पडत होतं.

शनिवारी तिला सांगायचं आहे. कसं, ते मला पक्कं ठाऊक आहे.

तुझी
ताई

२२ एप्रिल

धाकटे,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. “पोरीला चारचौघांत उघडं पाडू नकोस.” एवढंच. तू लिहिलं नसतंस तरी नसतं पाडलं, पण लिहिलंस हे बरं केलंस.

शनिवारी फूटपट्टी यायची वाट न बघता मी वाचनालयाच्या जिन्यात उभी राहिले. ती आली तशी म्हटलं, मी तुझ्या घरी गेले होते, तुझ्या नकळत. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “माहीत आहे. तुमच्या खुर्चीच्या जुन्या स्क्रूवर पान्याचे ओरखडे होते, बाबांनी दाखवले. खुर्ची मोडायला सुद्धा येत नाही तुम्हाला.” मग हळूच म्हणाली, काय म्हणाले?

मी म्हटलं, ते त्यांचं त्यांना विचारू. मी विचारते, तू नेहमीसारखं बोल. माझ्या खुणा आता तुला माहीत आहेत, किती कच्च्या आहेत ते. पण समजतं मला थोडं.

तिला कळलं. रस्ताभर ती माझ्या दोन पावलं पुढे चालली. पळून जाता आलं असतं, गेली नाही. हे मी मुद्दाम सांगते.

दुकानात चौघं बसलो. सुताराने खुर्च्या ओढून गोल केला, त्यांना सगळ्यांचे हात दिसावे लागतात. मी तोच प्रश्न विचारला, अगदी तेच शब्द. मुलीला शिकायला पाठवाल का? फूटपट्टीने तो हातांनी सांगितला, या वेळी थोडक्यात. आणि सुताराने उत्तर दिलं, सावकाश, एकेक खूण मोकळी ठेवत. माझ्यासाठी असावं. किंवा तिच्यासाठी.

आईने तिच्या गुडघ्यावर बोट आपटलं. बोल.

“मी,” ती म्हणाली. तो जाड आवाज आलाच नाही, अगदी तिचाच आवाज होता. “मी म्हणतो, जा. मला माझी मुलगी लांब उभी असलेली बघायची आहे. शेताच्या दुसऱ्या टोकाला. तिथून सुद्धा ती मला हाताने हाक मारू शकेल. ज्यांना ऐकू येतं त्यांच्या मुलींना ते जमत नाही.”

मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती एकाच वेळी तोंडाने आणि हातांनी बोलायला लागली, स्वतःचं. म्हणाली, “आणि मी नसताना तुम्ही दोघं काय करणार? नुसते गप्प बसून राहणार ना?”

यावर आईने तिच्याकडे असं बघितलं, की ते समजायला कुठलीच भाषा शिकावी लागत नाही. तिने भराभर हात चालवले. फूटपट्टी रडता रडता हसायला लागली आणि मला सांगितलं, “मी म्हणते, गप्प? आम्ही रोज भांडतो, दिवा लावून. आणि याला उत्तर सुचलं नाही की हा दिवा बंद करतो.”

सुताराने हात वर केले. मान्य.

सही झाली. त्याची सही फार सुंदर आहे, रंधा मारल्यासारखी एका ओढीत. मी जमवलेल्या आळीपाळीच्या माणसांची काही गरज नाही. दुकानाच्या दाराशी सुतार आता एक पाटी लावणार आहे, पेन्सिल दोरीला बांधून. बायको म्हणते, लोक लिहून मागायला लागले तर निदान भाव तरी करणार नाहीत, लिहायचा कंटाळा करतील. दवाखान्याला मात्र मी जाणार आहे. गरज नाही, पण तिला माझ्या खुणा बघून हसू येतं आणि मला तिची सोबत आवडते.

फूटपट्टी जूनमध्ये जाईल. घाबरलेली आहे. मी तिला घाबरू नकोस म्हटलं नाही, शिट्टीसर म्हणतात तशी सोबत चालते आहे. ती मला परवा म्हणाली, “मी दोन्हीकडे खोटं बोलले, तुम्ही ओरडला का नाहीत?” मी म्हटलं, माझ्या ओळखीची एक मुलगी याहून मोठं खोटं बोलली होती, आणि त्यामुळे मी जग बघितलं. तिला ती गोष्ट सांगितली. तुझं नाव सांगितलं नाही. तिने विचारलं, “मग ती स्वतः? तुम्ही जावं असं तिला वाटत होतं का?”

धाकटे, हे मी तुला कधीच विचारलं नाही. बाबा काय म्हणाले, हे मी तुला जिन्यात विचारलं होतं. तुला काय वाटतं, ते त्या दिवशी विचारलं नाही, त्यानंतरच्या कुठल्या पत्रातही नाही.

या शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. येऊ का असं विचारत नाही, येते आहे. तुला बोलायचं नसेल तर ते तुझ्या दारात उभी राहून तुझ्याच तोंडून ऐकेन आणि परतीची गाडी धरेन, रागावणार नाही. पण बोलणार असलीस तर पहिलं ते सांग. मी जाऊ नये असं वाटत होतं ना तुला?

तुझी
ताई